कार्ड टॅप आणि फोन टॅप: बीप एकच, आतली भानगड वेगळी

काउंटरवर दोन्ही सारखंच दिसतं, मशीनला काहीतरी टेकवलं की बीप वाजतो आणि पावती बाहेर येते. म्हणून आमच्या घरात आईसकट सगळ्यांना वाटतं की फोनमधे कार्डाची झेरॉक्स बसवलेली असते. तसं नाहीये.

आधी कार्ड. त्यात बॅटरी नसते. प्लॅस्टिकच्या आत बारीक तारेचं वेटोळं असतं, ते मशीनच्या अगदी जवळ, म्हणजे साधारण ४ सेंटीमीटरच्या आत नेलं की मशीनच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवरच चिपला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती कार्डाचा नंबर, एक्स्पायरी आणि फक्त त्याच व्यवहारापुरता बनवलेला एक कोड पाठवते. तो कोड कोणी पकडला तरी पुन्हा चालत नाही, आणि मागचा ३ आकडी सीव्हीव्ही तर यात जातच नाही. पण गंमत अशी की कार्ड कोणाच्या हातात आहे हे चिपला कळत नाही. ५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही (१ जानेवारी २०२१ च्या आधी ही मर्यादा २००० होती), म्हणजे पाकीट पडलं तर सापडणारा माणूस पेट्रोल भरून जाऊ शकतो.

फोनचा टॅप पण त्याच लहरींवर चालतो, फक्त तुमचा खरा कार्ड नंबर त्यातून जात नाही. जीपेसारख्या ॲपमधे कार्ड ॲड करताना त्याच्या बदली एक वेगळा नंबर बनतो, त्याला टोकन म्हणतात, तो त्या फोनपुरताच असतो, आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने याला २०१९ मधे परवानगी दिली. शिवाय पैसे जायच्या आधी बोट नाहीतर फोनचा पिन द्यावा लागतो. फोन हरवला तर बँकेला सांगून फक्त ते टोकन बंद करता येतं, कार्ड तसंच चालू राहतं. मला विचाराल तर गर्दीच्या लोकलमधे मी फोनच वापरेन, चार्जिंग संपलं की बोंब हे मान्य :)

आणि हो, क्यूआर स्कॅन करून जीपे करणं ही तिसरीच गोष्ट, तिथे यूपीआयने सहसा थेट खात्यातून पैसे जातात, टॅपचा काही संबंध नाही. ॲप तेच असल्यामुळे घोळ होतो.

मावशीचं नवीन कार्ड परवा टॅपच होईना, तिला वाटलं चिप खराब आहे. खराब काही नव्हती, नवीन कार्डावर टॅप मुळात बंदच येतो, बँकेच्या ॲपमधे जाऊन आपणच चालू करायचा असतो. तिचा चालू केला आणि तिथेच लिमिट १००० करून टाकली.