लियोंची गादान्य हवेली वाचली कशी?

फ्रान्समधल्या लियों शहराच्या जुन्या भागातली गादान्य हवेली आज म्युझियम म्हणून सगळ्यांना माहितीये, पण ती तिथे उभी का राहिली हे कळायला पार 1463 पर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षी फ्रान्सचा राजा अकराव्या लुईने लियोंला वर्षाला चार मोठ्या जत्रा भरवायची परवानगी दिली, वर व्यापाऱ्यांना सवलती, आणि इटली काही फार लांब नाही, मग फ्लोरेन्स, लुक्का, मिलानचे सावकार इथेच पेढ्या टाकून बसले. माल विकला जायचाच, पण मोठा पैसा हुंड्यांचा होता, एका जत्रेतली देणी पुढच्या जत्रेत चुकती व्हायची.

जागा मात्र चिंचोळी. एका बाजूला सोन नदी, दुसरीकडे फुर्व्हिएरची टेकडी. म्हणून घरं उंच चढली, रस्त्याकडे साधी भिंत आणि सगळं वैभव आतल्या चौकात, तिथे विहीर, गोल जिन्याचा मनोरा, मजल्यामजल्यावर कमानींचे सज्जे. घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नेणाऱ्या वाटांना तिथले लोक त्राबुल म्हणतात. आपल्याकडचा चौसोपी वाडा ज्याने बघितलाय त्याला हा चौक लगेच ओळखीचा वाटेल.

आणि गंमत म्हणजे हवेली गादान्यांनी बांधलेलीच नाही! सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पिएरव्हीव बंधूंनी बांधली, फ्लोरेन्सहून आलेल्या ग्वादान्यी (फ्रेंचमध्ये गादान्य) सावकारांकडे ती 1545 मध्ये आली. यांचा पैसा इतका की लियोंमध्ये ‘गादान्यसारखा श्रीमंत’ अशी म्हणच पडली. पुढे मालक बदलत गेले, भाडेकरू शिरले, एकेका खोलीच्या अनेक खोल्या पाडल्या गेल्या आणि वास्तूची रया गेली. 1902 पासून नगरपालिकेने ती विकत घ्यायला सुरुवात केली, 1920 मध्ये सरकारी संरक्षण मिळालं, 1921 मध्ये शहराच्या इतिहासाचं म्युझियम आणि 1950 मध्ये बाहुल्यांच्या खेळाचं. गिन्योल हा बाहुला लियोंचाच ना, लोरां मुर्गेने 19व्या शतकाच्या सुरुवातीला जन्माला घातलेला.

पण माझ्या मते खरा महत्त्वाचा टप्पा यानंतरचा आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात. एक हवेली संरक्षित होती पण आजूबाजूच्या गल्ल्या नव्हत्या, त्या जुनाट, अंधाऱ्या, रोगट म्हणून बदनाम. महापौर लुई प्रादेल यांच्या काळात तर वस्तीतून मोटारींसाठी रस्ता काढायचं घाटत होतं. त्याविरुद्ध पत्रकार रेजी नेरे आणि ‘रनेसाँस द्यू व्ह्यू लियों’ ही 1946 ची रहिवाशांची संस्था चिकाटीने उभी राहिली. 4 ऑगस्ट 1962 ला संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांचा कायदा आला, एकट्यादुकट्या इमारतीऐवजी अख्खी वस्ती जपायची हे त्यात पहिल्यांदा आलं, आणि 1964 मध्ये त्याखाली देशातली सगळ्यात पहिली संरक्षित वस्ती जाहीर झाली ती हीच. 1998 मध्ये युनेस्कोची जागतिक वारसा यादी. त्याच वर्षी गादान्यची डागडुजी काढली, ती इतकी खोलवर गेली की 2009 उजाडलं.