सोवेल की विल्यम्स? बाजू एक, युक्तिवाद दोन

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, उजव्या विचारांच्या अर्थतज्ज्ञाची एखादी क्लिप किंवा अवतरण फिरत फिरत आलं, की खाली थॉमस सोवेल हे नाव ठोकलेलं असतं. कित्येकदा बोलणारे वॉल्टर विल्यम्स असतात. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही, आणि सोवेल म्हटलं की लाइक मिळतात. गोंधळ व्हावा इतकं साम्य आहेच. दोघे अर्थतज्ज्ञ, दोघांना सक्तीच्या भरतीत सैन्यात जावं लागलं, दोघांनी वर्षानुवर्षं वर्तमानपत्री स्तंभ लिहिले. किमान वेतनाचा कायदा आणि अ‍ॅफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन (वंचित गटांना प्रवेशात-नोकरीत झुकतं माप) या दोन्हींना दोघांचा विरोध. दोघांची गाठ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत पडली आणि मैत्री पन्नास वर्षं टिकली.

सोवेल माहीत असतात, त्यामुळे त्यांचं थोडक्यात. जन्म १९३०, नॉर्थ कॅरोलायना, बालपण हार्लेममध्ये, शाळा अर्धवट सुटली, पुढे हार्वर्ड, कोलंबिया आणि शिकागोची पीएच.डी.; १९८० पासून हूवर इन्स्टिट्यूशन ही स्टॅनफर्डमधली संशोधन संस्था; स्तंभलेखन २०१६ च्या डिसेंबरात थांबवलं. यात एकच गोष्ट हमखास चुकीची सांगितली जाते. सोवेल तरुणपणी मार्क्सवादी होते आणि शिकागोचे मुक्त बाजारवादी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी त्यांना ‘सुधारलं’, असं. फ्रीडमनच्या वर्गात बसूनही सोवेल मार्क्सवादीच राहिले होते. बदल घडला तो १९६० च्या उन्हाळ्यात, अमेरिकी सरकारच्या कामगार खात्यात इंटर्न म्हणून काम करताना. प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर साखर उद्योगात किमान वेतन वाढत होतं आणि रोजगार घटत होता. एक म्हणणं असं, की वेतन वाढलं म्हणून नोकऱ्या गेल्या. दुसरं असं, की चक्रीवादळांनी ऊस झोपवला म्हणून गेल्या. सोवेलनी विचारलं: वादळ येण्याआधी शेतात किती ऊस उभा होता, त्याचे आकडे मिळतील का? त्या आकड्यांवरून दोन्हींतलं खरं कारण ठरलं असतं. पण खात्यात कुणालाच त्याची उत्सुकता नव्हती. किमान वेतनाची अंमलबजावणी हे त्या खात्याचंच काम होतं. उत्तर गैरसोयीचं निघालं तर काय, हा प्रश्न होता. सरकारी यंत्रणेलाही स्वतःचा स्वार्थ असतो हे सोवेलना तिथे कळलं. पुढची साठ वर्षं ते हाच प्रश्न वेगवेगळ्या जागी विचारत राहिले: दोन स्पष्टीकरणं आहेत, मग कोणता पुरावा त्यांतलं एक खोडून काढेल?

विल्यम्स १९३६ चे, फिलाडेल्फियाचे. रिचर्ड अ‍ॅलन या सरकारी घरांच्या वस्तीत आईने वाढवलं. सैन्यात असताना कोर्ट मार्शल झालं, त्यात स्वतःची बाजू स्वतः मांडून सुटले. कोरियात गेल्यावर फॉर्मवर वंशाच्या रकान्यात ‘गोरा’ अशी खूण केली. विचारल्यावर म्हणाले, काळा लिहिलं तर सगळ्यांत वाईट काम माझ्या वाट्याला येईल. हा खोडसाळपणा त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत होता. १९७२ मध्ये पीएच.डी., मग टेंपल विद्यापीठ, आणि १९८० पासून २०२० च्या डिसेंबरात निधन होईपर्यंत व्हर्जिनियातलं जॉर्ज मेसन विद्यापीठ.

त्यांचं मूळ काम परवान्यांवरचं. ते लिहीत होते तेव्हा न्यू यॉर्कमध्ये टॅक्सी चालवायची तर मेडॅलियन, म्हणजे शहराचा टॅक्सी परवाना, लागे. त्यांची संख्या १९३७ च्या कायद्याने गोठवलेली, त्यामुळे किंमत हजारो डॉलर. कायद्यात वंशाचा उल्लेखही नाही, पण ज्याच्याकडे भांडवल नाही तो बाहेर. याउलट वॉशिंग्टनमध्ये धंद्यात शिरणं स्वस्त होतं आणि तिथे कृष्णवर्णीय टॅक्सीमालक भरपूर होते. दक्षिण आफ्रिकेवर लिहितानाही तेच सूत्र: गोऱ्या कामगारांच्या संघटना ‘समान कामाला समान वेतन’ मागत होत्या, कारण तसं झालं की काळ्या कामगाराला घेण्यात मालकाचा फायदाच उरत नाही.

इथपर्यंत दोघे एकच वाटतात. खरी फारकत पुढे आहे, आणि दोघांना ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणून एका खोक्यात टाकणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही.

समजा, उद्या सिद्ध झालं की एखादं धोरण उत्तम चालतं. सोवेलना आपला विरोध पुन्हा तपासावा लागेल, कारण त्यांचा सगळा डोलारा परिणामांवर उभा आहे. विल्यम्सचा विरोध जागचा हलत नाही. सीट बेल्टने जीव वाचतात की नाही, हा त्यांच्या लेखी मुद्दाच नाही. माझा देह माझा आहे, तो धोक्यात घालायचा की नाही हे मी ठरवणार, एवढंच. त्याच तर्काने स्वतःचं मूत्रपिंड विकायची मुभा हवी असं ते म्हणत. गरिबाला स्वतःच्या खिशातून मदत करणं स्तुत्य. करातून, म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून करणं ही जबरदस्ती.

भेदभावाच्या प्रश्नावर हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. सोवेल दाखवतात, की अमेरिकेच्या दक्षिणेत ट्राम कंपन्यांनी वंशानुसार वेगळी आसनं ठेवण्याच्या कायद्यांना विरोध केला होता. दया म्हणून नव्हे. वेगळी व्यवस्था ठेवायचा खर्च त्यांच्या माथी येत होता. कायदा करणाऱ्या पुढाऱ्यांचं काहीच जात नव्हतं. म्हणजे त्यांचा प्रश्न असा: भेदभावाची किंमत कोण मोजतो? विल्यम्स सरळ म्हणतात, की कुणाशी व्यवहार करायचा हा खाजगी माणसाचा हक्क आहे, त्यात भेदभाव करायचा हक्कही आला. मात्र करांवर चालणाऱ्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला तो नाही. हे वाचून बरेच सोवेलप्रेमी गडबडतात. गडबडायलाच हवं, सोवेलच्या मांडणीतून हा निष्कर्ष आपोआप निघत नाही.

आपल्याकडे सोवेल फिरतात ते मुख्यतः आरक्षणविरोधी दारूगोळा म्हणून. जगभरातल्या राखीव जागांवरचं त्यांचं २००४ चं पुस्तक उघडलं, तर भारताच्या प्रकरणात आसाम आणि आंध्रच्या जोडीला महाराष्ट्रही आहे. तिथे मुंबईतल्या भूमिपुत्रांच्या मागण्या त्याच पंक्तीला बसवल्या आहेत. जातीय आरक्षणावरचा उतारा पुढे पाठवणारे हा भाग बिनदिक्कत गाळतात. आणि त्या पुस्तकातही त्यांचं म्हणणं परिणामांचंच आहे: लाभ त्या गटातल्या आधीच बऱ्या स्थितीतल्यांना जातो, आणि धोरणं हेतूंवर जोखली जातात, आकड्यांवर नाही. तेव्हा त्यांना उत्तर द्यायचं तर आकड्यांनीच द्यावं. विल्यम्सना आकडे देऊन उपयोग नाही. त्यांच्याशी वाद घालायचा तर मालकी हक्काच्या गृहीतकावरच घालावा लागतो.

वाचायचं कुठून? सोवेलचे स्तंभ आधी वाचू नका. पुस्तकांत ते तळटीपांसकट सावकाश चालतात, स्तंभांत नुसतेच फटकारतात. त्यांचं ‘बेसिक इकॉनॉमिक्स’ घ्या, त्यात एकही आलेख नाही. विल्यम्सचं १९८२ चं ‘द स्टेट अगेन्स्ट ब्लॅक्स’ आटोपशीर आहे आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत भक्कम काम तेच, कारण तिथे ते हक्कांपेक्षा परवान्यांबद्दल जास्त बोलतात.

ओळखायला खरोखर अवघड जाते ती किमान वेतनाची क्लिप. १९४८ मध्ये १६-१७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांमधली बेकारी ९.४ टक्के आणि गोऱ्या मुलांमधली १०.२ टक्के होती, हे दोघेही सांगतात. कारणही दोघे एकच देतात: १९३८ च्या कायद्याने आणलेलं किमान वेतन महागाईने तोवर नावापुरतं उरलं होतं. अशा वेळी क्लिप बंद न करता पुढचं वाक्य ऐका. दुसऱ्या देशांचे दाखले, म्हणजे मलेशिया किंवा श्रीलंकेचं नाव आलं तर बहुधा सोवेल. दोन प्रौढ माणसांनी आपसांत काय मजुरी ठरवावी यात काँग्रेसचा (अमेरिकी संसदेचा) संबंध काय, असा प्रश्न आला तर विल्यम्स.