जोडी जुळवणाऱ्या चाहत्यांच्या वादाची पार्श्वभूमी

२०१९ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व, म्हणजे पहिल्या पर्वाच्या आधीची कथा, सुरू झाले आणि सिंधुदुर्गातल्या आकेरी गावात घडणाऱ्या या मालिकेतील अण्णा नाईक व शेवंता ही जोडी समाजमाध्यमांवर गाजू लागली. पहिल्या पर्वाचा आरंभच अण्णांच्या मृत्यूने झालेला असल्यामुळे शेवट काय होणार यापेक्षा या नात्याला म्हणायचे काय, यावरच वाद रंगला. ते प्रेम होते, की एकाची वासना आणि दुसरीचा हिशेब? अण्णांच्या पत्नी माईंचा संसार समोर दिसत असताना या दोघांच्या प्रसंगांना दाद द्यावी का?

अशा वादांचा इतिहास सहसा अमेरिकेतून सांगितला जातो. १९६६ ते १९६९ या काळातील ‘स्टार ट्रेक’ मालिकेचे चाहते, त्यांतही मुख्यतः स्त्रिया, स्वखर्चाने छापलेल्या अंकांतून कथा लिहीत आणि १९७४ पासून कर्क व स्पॉक या पुरुषपात्रांना प्रेमिक मानणाऱ्या कथा त्यांत छापून येऊ लागल्या. १९९० च्या दशकात ‘एक्स-फाइल्स’ या मालिकेतील मल्डर व स्कली ही पात्रे एकत्र यावेत की नाही, यावरून इंटरनेटवर दोन तट पडले.

कोकणापुरती मुळे मात्र दशावतारात शोधावीत, असे मला वाटते. जत्रेत रात्रभर चालणाऱ्या या नाटकात आख्यानाचा सांगाडा तेवढा ठरलेला असतो. संवाद नट रंगमंचावरच रचतात आणि स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. त्यामुळे एका कंपनीची रुक्मिणी मानी, तर दुसरीची सोशिक वाटू शकते आणि दोन्ही खऱ्याच ठरतात. ‘पडद्यावर दाखवले तेवढेच खरे’ म्हणणारा जो पक्ष चाहत्यांच्या भांडणात हमखास असतो, त्याला इथे आधारच सापडत नाही.

महाभारतात तर हा पक्ष पुरता अडचणीत येतो. कर्ण आणि द्रौपदी यांची जोडी मानणारे लोकपरंपरेतल्या जांभूळआख्यानाकडे बोट दाखवतात, कारण त्यात द्रौपदीच्या मनातली कर्णाविषयीची ओढ उघड होते. विरोधक स्वयंवरात तिने सूतपुत्राला नाकारल्याची आठवण देतात. जांभूळआख्यान संस्कृत महाभारतात नाही, आणि तो नकारही पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या, अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीने मुख्य संहितेबाहेर ठेवला आहे.