पाण्याखालच्या निरोपांची दोनशे वर्षं

२०१७ मध्ये नाटोने पाण्याखालच्या डिजिटल संदेशांसाठी ‘जेनस’ हे मानक स्वीकारलं. कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही देशाच्या यंत्रांना पाण्याखाली एकमेकांशी बोलता यावं, एवढाच त्यामागचा हेतू. त्याचा मूळ वेग आहे सेकंदाला ८० बिट. ‘नमस्कार’ हा शब्द देवनागरीत टाइप केला, तर नेहमीच्या युनिकोड पद्धतीत त्याचे १६८ बिट होतात. म्हणजे नुसता नमस्कार घालायलाच दोन सेकंदांच्या वर वेळ जाणार. फोनवर अख्खा सिनेमा बघणाऱ्या आपल्याला हे थट्टेसारखं वाटेल, पण इथवर यायलाच जवळपास दोनशे वर्षं लागली आहेत.

मूळ अडचण साधी आहे. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे रेडिओलहरी त्यात काही हातांवरच विरून जातात. अतिशय कमी वारंवारितेच्या लहरी काही मीटर खोल पोचतात खऱ्या, पण त्यांच्यासाठी जमिनीवर प्रचंड अँटेना उभारावे लागतात आणि पाणबुडीला त्यावर फक्त ऐकता येतं. प्रकाशही गढूळ पाण्यात फार दूर जात नाही. उरतो आवाज.

पाण्यातल्या आवाजाचा वेग नीट मोजला गेला तो १८२६ साली, जिनिव्हाच्या सरोवरात. कोलाडों आणि स्टुर्म या दोन शास्त्रज्ञांनी रात्रीच्या अंधारात दोन होड्या साडेतेरा किलोमीटर अंतरावर ठेवल्या. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगलेली. तिच्यावर हातोडा पडायचा त्याच क्षणी त्याच दांड्याला जोडलेली वात बंदुकीच्या दारूला लागायची आणि भडका उडायचा. पलीकडच्या होडीत कोलाडों पाण्यात बुडवलेल्या लांब नळीला कान लावून बसलेला. भडका दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. मधले सेकंद भरले सुमारे नऊ पूर्णांक चार, आणि वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर, हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून अधिक. हाताने चालवलेल्या घड्याळावर काढलेला हा आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे.

पुढची पन्नास-पंचाहत्तर वर्षं या शोधाचं कुणी फारसं काही केलं नाही. १९०१ मध्ये बॉस्टनला सबमरीन सिग्नल कंपनी निघाली. तिने दीपनौकांखाली, म्हणजे दीपस्तंभाचं काम करणाऱ्या नांगरलेल्या जहाजांखाली, घंटा बसवल्या आणि जहाजांच्या पोटात दोन्ही बाजूंना त्या ऐकणारी यंत्रं. धुक्यात दिवा दिसेना, तर घंटा कोणत्या कानाला जास्त ऐकू येते यावरून दिशा कळायची. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर मात्र सगळ्यांना घाई झाली. या कंपनीसाठी काम करणाऱ्या रेजिनाल्ड फेसेंडेनने विजेवर चालणारा ध्वनिजनक बनवला आणि १९१४ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या ग्रँड बँक्सजवळ हिमनगावरून परतलेला प्रतिध्वनी पकडून दाखवला. त्याच यंत्राने पाण्यातून मोर्सच्या तारेची कडकट्टही पाठवता येत होती. म्हणजे सोनार (प्रतिध्वनीवरून पाण्यातल्या वस्तू हुडकणारं यंत्र) आणि पाण्याखालचा निरोप्या ही एकाच घरातली भावंडं.

त्यानंतर महायुद्धं आली आणि हा विषय नौदलांच्या कपाटात गेला. त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. १९३७ च्या सुमारास क्यूबातल्या ग्वांतानामोजवळ अमेरिकी नौदलाच्या लक्षात आलं, की सोनार सकाळी उत्तम चालतं आणि दुपारी आंधळं होतं. संशय आला तो दुपारच्या जेवणानंतर ऑपरेटर पेंगतात असा. पण पेंगत होता समुद्र. उन्हाने वरचं काही मीटर पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात आवाज वेगाने धावतो, त्यामुळे तो खालच्या थंड पाण्याकडे वळतो आणि पृष्ठभागाजवळ आवाज न पोचणारी एक सावली तयार होते. याच धाग्यावरून पुढे १९४४ मध्ये मॉरिस युइंग आणि वोर्झेल या शास्त्रज्ञांनी खोल समुद्रातली ‘ध्वनिवाहिनी’ शोधली. तिथे आवाज वर-खाली वळत राहतो, तळाला वा पृष्ठभागाला न लागता हजारो किलोमीटर जातो. १९९१ च्या जानेवारीत दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळून पाण्यात सोडलेला आवाज सुमारे १८,००० किलोमीटरवर, अमेरिकेच्या किनाऱ्यांपर्यंत ऐकू आला. वारंवारिता होती ५७ हर्ट्झ, जगभरच्या विजेच्या ५० आणि ६० च्या गुणगुणीपासून दूर राहावी म्हणून मुद्दाम निवडलेली.

ऐकणाऱ्या यंत्रांचं जाळं टाकण्याची कल्पनाही लष्करीच. १९५० च्या दशकात अमेरिकेने सोव्हिएत पाणबुड्यांवर कान ठेवायला समुद्रतळावर हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या, माळा पसरल्या, पण त्या सगळ्या केबलने किनाऱ्याला बांधलेल्या. शीतयुद्ध संपल्यावर तेच कान देवमाशांची गाणी ऐकायला शास्त्रज्ञांना मिळाले.

केबलशिवाय आकडे पाठवायचे तर अडचण वेगळी. घुमटाखाली कुणी भरभर बोललं, तर एका शब्दाचा घुमारा पुढच्या शब्दावर चढतो. उथळ समुद्रात तसंच होतं. एकच आवाज सरळ येतो, लाटांवरून आपटून येतो, तळावरून येतो, आणि होडी हलत असल्याने स्वरही सरकतो. १९९४ मध्ये मिलित्सा स्तोयानोविच, कातिपोविच आणि प्रोआकिस या संशोधकांनी हा गुंता सोडवत लहरींच्या कलेवर (फेजवर) माहिती चढवण्याची पद्धत मांडली आणि आकड्यांचा आवाज करून पाठवणाऱ्या यंत्राचा, मोडेमचा, वेग एकदम वाढला. त्यावर आजही बरंच काही उभं आहे. उष्ण कटिबंधात आणखी एक विरोधक आहे, नांगी कटकन मिटणारी कोळंबी. तिचा कडकडाट सिंगापूरच्या पाण्यात इतका, की तिथे मंदार चित्रे आणि सहकाऱ्यांना या गोंगाटाचंच गणित आधी मांडावं लागलं.

जाळं बांधताना जमिनीवरचे नियम पाण्यात चालत नाहीत. वायफायची यंत्रं ‘आधी ऐका, शांत असेल तर बोला’ या शिस्तीने चालतात. पाण्यात एक किलोमीटर जायला आवाजाला दोन तृतीयांश सेकंद लागतो. तुम्हाला शांतता ऐकू येते तेव्हा शेजाऱ्याचा निरोप वाटेत असतो, आणि दोन्ही एकमेकांवर आदळतात. शिवाय बोलणं बॅटरीला ऐकण्यापेक्षा कितीतरी महाग, आणि तळाला बॅटरी चार्ज करायला ऊन नाही.

भारतात ही गोष्ट लोकांच्या जिवाशी भिडली ती २६ डिसेंबर २००४ नंतर. २००७ मध्ये हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. खोल समुद्रात तळावर दाबमापक बसतो. डोक्यावरचं पाणी सेंटीमीटरभर चढलं तरी त्याला कळतं. तो मोडेमने वर तरंगणाऱ्या बोयाला हाक मारतो. तीन किलोमीटर पाणी असेल तर हाक पोचायला दोन सेकंद. बोया ती उपग्रहाकडे देतो आणि तिथून पुढे सगळं प्रकाशाच्या वेगाने.

अडचण बहुतेकदा या दोन सेकंदांत नसते. बोयाच्या सावलीला मासे जमतात, माशांमागे होड्या येतात, बोयाला दोर बांधतात, आणि वरच्या उपकरणांची मोडतोड होते. तळावरचा दाबमापक तरीही हाका मारतच राहतो, वर ऐकायला कुणी नसतं.