भूस्रोत उष्णता पंप

भूस्रोत उष्णता पंप : जमिनीतील कमी तापमानाची उष्णता शोषून, तिचे तापमान वाढवून घर व वापरायचे पाणी तापविणारे विजेवर चालणारे यंत्र. स्वीडनमध्ये त्याचा विशेष प्रसार आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी येथील गरम झऱ्यांमागील भूऔष्णिक ऊर्जेशी त्याची अनेकदा गल्लत होते. या पंपाला मात्र 5-6 °से. तापमानाचा खडकही पुरतो.

उगमाविषयी एकमत नाही. उष्णता पंपाने इमारत तापविण्याची कल्पना लॉर्ड केल्विन यांनी 1852 मध्ये मांडली. त्याच दशकात पेटर फोन रिटिंगर यांनी ऑस्ट्रियात खारे पाणी आटविण्यासाठी बनविलेल्या यंत्राला काही लेखक पहिला उष्णता पंप मानतात; पण त्यात जमिनीचा संबंध नव्हता. जमीन हा स्रोत बहुधा प्रथम हाइन्रिख त्सोएली यांच्या 1912 च्या स्विस पेटंटात येतो. अमेरिकी लेखनात मान इंडियानापोलिसच्या रॉबर्ट वेबर यांना मिळतो. डीप फ्रीझरच्या तापलेल्या नळीवरून त्यांना ही युक्ती सुचली, अशी हकिकत सांगतात. तिचा काळ 1940 च्या दशकाचा उत्तरार्ध असावा. कल्पनेचे श्रेय त्सोएलींकडे आणि घरगुती वापराचे वेबर यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक दिसते.

उष्णता पृथ्वीच्या गर्भातून येते, हा समजही तपासून घ्यावा लागतो. खंडीय भूपृष्ठावर आतून येणारा उष्णताप्रवाह दर चौ. मी.ला सरासरी 0.065 वॉटच्या आसपास, म्हणजे वर्षाला 0.57 युनिट भरतो. जमिनीतून वर्षाला 10,000 युनिट घेणाऱ्या घराला केवळ त्यावर भागवायचे, तर चार एकरांहून अधिक जागा लागेल. प्रत्यक्षात एका बोअरवर काम होते. कारण सुरुवातीला उष्णता भोवतालच्या खडकाच्या साठ्यातून येते आणि पुढे ती मुख्यतः पृष्ठभागाकडून, अर्थात उन्हातून, भरून निघते. त्यामुळेच शेजारशेजारच्या बोअरमध्ये अंतर राखावे लागते.

स्वीडनमध्ये साधारण 100 ते 200 मी. खोल बोअरमध्ये प्लॅस्टिकच्या नळीचा यू आकाराचा वेढा सोडतात. त्यातून पाणी व इथेनॉलचे मिश्रण फिरते. तेथील कठीण खडकात बोअर बहुधा भूजलानेच भरलेले ठेवतात. घरातील कॉम्प्रेसर ही उष्णता वरच्या तापमानाला नेतो. एक युनिट विजेमागे सुमारे तीन ते चार युनिट उष्णता मिळते, पण घरातील पाणी किती तापवायचे यावर हे प्रमाण अवलंबून असते. फरशीखालून नळ्या फिरविलेल्या घरात 35 °से.चे पाणी पुरते. खोली तापविणाऱ्या जुन्या रेडिएटरला 55 °से. लागले, तर लाभ बराच घटतो. हवेतून उष्णता घेणारा पंप कडाक्याच्या थंडीत, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, मंदावतो. खडकाचे तापमान वर्षभर फारसे हलत नसल्याने भूस्रोत पंपाला ही अडचण कमी येते. बाहेर पंख्याचा आवाज नसतो, गोठलेले बाष्प वितळविण्यात वीज जात नाही आणि उन्हाळ्यात त्याच बोअरमधून थोडा गारवाही घेता येतो. खर्चाचा मोठा भाग बोअर पाडण्यात जातो.

1973 च्या तेलसंकटानंतर स्वीडनमध्ये तेलावरील बॉयलरला पर्याय शोधताना या पंपांकडे लक्ष गेले; 1991 च्या कार्बन कराने त्यांना बळ दिले. तेथील वीज प्रामुख्याने जल व अणुऊर्जेची असल्याने उत्सर्जनातील घटही मोठी ठरते. कोळशावरील विजेच्या देशांना हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही.

भूस्तर न ओळखता केलेले खोदकाम महागात पडते. जर्मनीतील श्टाउफेन येथे 2007 मध्ये नगरभवनासाठी पाडलेल्या बोअरमधून भूजल ॲनहायड्राइट या खनिजाच्या थरात शिरले. त्याचे जिप्सम होऊन थर फुगला, जुन्या गावाखालची जमीन वर उचलली गेली आणि अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले.