शंभर मिलिलिटरचा नियम आणि पडद्यावर खिळलेली नजर

केबिन बॅगेतून १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली नेता येत नाही, हा नियम ज्या कटामुळे आला तो कट विमानतळावर उघडकीस आलाच नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी दीर्घ पाळतीनंतर लंडन परिसरात धरपकड केली. शीतपेयांच्या बाटल्यांत द्रव स्फोटके भरून अटलांटिकपार जाणारी विमाने उडवू पाहणारे हे लोक तपासणीच्या रांगेपर्यंत पोहोचलेच नाहीत. वास्तविक १९९४ मध्येच रम्झी युसेफ या दहशतवाद्याने कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून फिलिपाइन एअरलाइन्सच्या विमानात स्फोटक नेले होते आणि त्या स्फोटात एक प्रवासी ठार झाला होता. तरीही द्रवांवर निर्बंध यायला १२ वर्षे जावी लागली.

मग या तपासणीने प्रवासी सुरक्षित होतात का? त्यासाठी आधी यंत्राला काय दिसते आणि माणसाला काय दिसते, हे पाहायला हवे. सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरते. जड अणूंचे धातू आणि कार्बन, ऑक्सिजनसारख्या हलक्या अणूंचे पदार्थ हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, आणि त्या फरकावरून संगणक सेंद्रिय पदार्थ नारिंगी तर धातू निळ्या रंगात दाखवतो. अडचण अशी की पुरणपोळी, साबणाची वडी, पुस्तक आणि बहुतेक स्फोटके हे सगळे नारिंगीच दिसते. बाटलीतले द्रावण साधे पाणी आहे की आणखी काही, हे अशा सपाट चित्रावरून सांगणे फार कठीण असते. म्हणून द्रव ओळखण्याचा नाद सोडून त्याचे प्रमाणच मर्यादित करण्यात आले. बॅगेचे त्रिमितीय चित्र देणारे सीटी स्कॅनर हे काम बरेच चांगले करतात. त्यांच्या भरवशावर युरोपातील काही विमानतळांनी ही मर्यादा उठवली होती, पण सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघाने ती पुन्हा लागू केली आणि २०२५ मध्ये पुरेशा खात्रीच्या यंत्रांना नव्याने मान्यता देण्यास सुरुवात केली.

पडद्यासमोर बसलेल्या माणसाची अडचण याहून खोल आहे. मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. गुंतागुंतीच्या चित्रांत विशिष्ट वस्तू शोधायची होती. ती निम्म्या चित्रांत असताना शोधणाऱ्यांच्या नजरेतून सुमारे ७ टक्के वेळा सुटली. तीच वस्तू शंभरातल्या एकाच चित्रात ठेवल्यावर सुटण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण वारंवार काहीच सापडत नसेल तर मेंदू शोध लवकर आवरता घेतो. आणि विमानतळावर तर एखाद्या कर्मचाऱ्याची सबंध नोकरी खरा बॉम्ब न पाहता संपते. म्हणूनच अनेक ठिकाणी पडद्यावरच्या खऱ्या बॅगांमध्ये शस्त्रांची कृत्रिम चित्रे अधूनमधून मिसळली जातात, म्हणजे नजरेला काहीतरी सापडत राहते. बाटल्या मोजण्यापेक्षा ही युक्ती मला कितीतरी शहाणपणाची वाटते. अर्थात तिनेही सारे साधत नाही: अमेरिकेत वेषांतर केलेल्या सरकारी परीक्षकांनी बंदी असलेल्या वस्तू नेण्याचे ७० प्रयत्न केले, त्यांपैकी ६७ यशस्वी झाल्याचे २०१५ मध्ये बाहेर आले.

एवढ्यावरून तपासणी निरर्थक ठरवणे मात्र घाईचे होईल. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत विमान अपहरणाच्या शंभराहून अधिक घटना घडल्या. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि त्या झपाट्याने कमी झाल्या. तपासणीचा दुसरा लाभ सहसा नजरेत येत नाही. २००१ मध्ये बुटात स्फोटक लपवणारा रिचर्ड रीड आणि २००९ च्या नाताळात अंतर्वस्त्रात ते नेणारा उमर फारूक अब्दुलमुतल्लब, दोघेही तपासणीतून निसटले. परंतु धातूचे भाग टाळावे लागल्याने त्यांच्याजवळची साधने बेभरवशाची होती. ती नीट पेटली नाहीत आणि सहप्रवाशांनी व कर्मचाऱ्यांनी दोघांनाही आवरले.

भारतीयांना अधिक जवळचे उदाहरण ‘कनिष्क’चे आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या या विमानात स्फोट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले. बॉम्ब असलेली बॅग चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. त्यात टोरोंटोत विमानात सामान चढत असताना तिथले क्ष-किरण यंत्र बंद पडले होते. प्रवासी चढला नसेल तर त्याचे सामान उतरवायचे, हा त्यानंतर दृढ झालेला नियम कोणत्याही पडद्यावर किंवा थकलेल्या डोळ्यांवर अवलंबून नाही, आणि म्हणूनच तो भक्कम आहे. सप्टेंबर २००१ च्या अपहरण-हल्ल्यांनंतर बसवलेले कॉकपिटचे मजबूत दारही त्याच जातीचे. मात्र मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने तेच दार आतून लावून घेऊन विमान मुद्दाम पाडले आणि १५० जणांचा जीव गेला.

नियमांचा हिशेब विमानतळाबाहेरही करावा लागतो. सप्टेंबर २००१ नंतर बऱ्याच अमेरिकनांनी विमान सोडून मोटारीने जाणे पसंत केले. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या अंदाजानुसार पुढच्या १२ महिन्यांत त्यापायी रस्त्यांवर सुमारे १,५०० जादा बळी गेले. यामागे मुख्यतः भीती होती. पण जवळच्या प्रवासासाठी तासभर रांगेत उभे राहावे लागले, तर त्यामुळेही माणूस मोटारीच्या रस्त्याकडे वळतो.