नदीपात्रात बसवलेला हात लक्ष्मी रस्त्यावर का विस्कटतो?

पुण्यात म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात पावसाळ्यात ढोल-ताशा पथकांचा सराव रंगतो. तिथे खणखणीत बसलेला हात, म्हणजे ठरवून बांधलेली ठोक्यांची रचना, अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर मात्र विस्कटलेला ऐकू येतो. मग सराव कमी पडला, असं म्हणून वादकांना बोल लावले जातात. पुष्कळदा चूक त्यांची नसतेच. हात बसवणाऱ्याने आवाजाचा वेग आणि रस्त्याची रुंदी हिशेबात धरलेली नसते.

हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पथक 34 मीटर लांब असेल, तर पहिल्या रांगेतला ठोका शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला 0.1 सेकंद लागतो. आता मिनिटाला 120 मात्रांची लय धरा. एक मात्रा 0.5 सेकंदाची, पाव मात्रा 0.125 सेकंदाची. म्हणजे मागचा वादक फक्त कानावर विसंबला, तर तो जवळजवळ पाव मात्रा मागे पडणार. त्याचा ठोका पुढे ऐकू यायला आणखी 0.1 सेकंद, म्हणजे पुढच्याला तो एकूण 0.2 सेकंद उशिरा आल्यासारखा वाटणार. पुढचा मग त्याच्यासाठी थांबू लागतो आणि सगळी लयच खाली येते.

डोळ्यांना हा उशीर जाणवत नाही, म्हणून पथकं हाताच्या इशाऱ्यावर चालतात. पण तो इशारा बघायला वेळ कोण देणार? तो रचनेतच ठेवावा लागतो. हात बदलण्याआधी ढोलांना एक मात्रा मोकळी सोडली, तर सगळ्यांना मान वर करता येते.

रस्त्याचं गणित वेगळं. नदीपात्र मोकळं, तिथे गेलेला आवाज फारसा परतत नाही. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना इमारती. 10 मीटरवरच्या भिंतीवर आपटून ठोका 0.06 सेकंदात परत येतो, मग समोरच्या भिंतीवरून पुन्हा. ताशाच्या तर्रीतल्या, म्हणजे सलग जलद वादनातल्या, दोन ठोक्यांमधलं अंतरही याच्याच आसपास असतं, त्यामुळे खरा ठोका कुठला आणि परतलेला कुठला, हे कानाला उमगत नाही. त्यात गर्दी! माणसांचे कपडे आणि अंगं उंच पट्टीचा आवाज जास्त शोषतात. ताशा मंदावतो, ढोलाचा खर्ज मात्र घुमत राहतो. म्हणून टिपऱ्याला, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीला, दाट बोल देण्याचा मोह मला अजिबात पटत नाही. बारीक काम ताशाकडे द्यावं, आणि ते चालू असताना ढोल विरळ करावेत.

शरीराचाही विचार हवा. ढोल कमरेला बांधलेला, एका हाताने थापी, दुसऱ्यात टिपरू. तबल्यावर एकेक बोट सुटं चालतं, टिपऱ्याचा दणका मात्र खांद्यातून येतो. मिरवणूक तासन् तास चालते. दोन जड हातांच्या मध्ये एक हलका हात ठेवणं ही हात बसवणाऱ्याची जबाबदारी आहे. त्याने स्वतः ढोल बांधून सगळी रचना सलग वाजवून बघावी, कागदावर हे कळत नाही.

स्वराच्या बाबतीत मात्र ढोल मोठी मोकळीक देतो. ताणलेल्या साध्या, एकसारख्या पडद्याच्या कंपनांचं प्रमाण 1 : 1.59 : 2.14 : 2.30 असं वेडंवाकडं पडतं, त्यातून ठाम स्वर उमटत नाही. ढोलाचं टिपऱ्याकडचं पान जवळपास असंच, त्यामुळे तो कुठल्याही पट्टीसोबत खपतो. तबल्याच्या मधोमध शाईचा थर असतो. त्या वजनामुळे ही कंपनं 1 : 2 : 3 : 4 : 5 च्या जवळ येतात आणि कानाला पक्का स्वर मिळतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. त्या पक्केपणाची किंमतही आहे. दमट हवेत चामडं सैलावून स्वर उतरतो, कोरड्या हवेत चढतो, आणि षड्जाशी न जुळलेला तबला लगेच खटकतो. रचनेत मध्येच पट्टी बदलायची असेल, तर दुसरा तबला आधीच लावून शेजारी ठेवायला सांगावं, कारण चालू कार्यक्रमात गठ्ठे (ताण बदलणारे लाकडी ठोकळे) ठोकत बसायला तबलजीला सवड मिळत नाही.